रात्रशाळा कामगाराला दिली गेली की कामगाराने मिळवली?

भोंगा

मुंबईच्या कामगारांच्या शिक्षणाबद्दल जिथे जिथे वाचतो तिथे गोष्ट एकाच पठडीतली. कुणी थोर समाजसेवक गिरणगावात आले, त्यांना अडाणी कामगार दिसला, त्यांनी रात्रशाळा काढली, कुणा शेठजींनी देणगी दिली आणि कामगार शिकला. या गोष्टीत कामगार स्वतः काहीच करत नाही, फक्त बाकावर येऊन बसतो. मला हे पटत नाही. का पटत नाही ते मांडतो, विरोधी मतं जरूर यावीत.

आधी वेळेचा हिशोब. मुंबईत पहिली गिरणी आली १८५० च्या दशकात. पुढची पन्नासएक वर्षं गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालल्या. १९०५ च्या सुमारास खात्यांत विजेचे दिवे आले आणि अंधाराचीही आडकाठी संपली. कित्येक गिरण्यांत काम चौदा-पंधरा तासांवर गेलं. प्रौढ पुरुषाला कायद्याने बारा तासांची मर्यादा मिळाली ती थेट १९११ मध्ये. बारा तास कापसाच्या धुरळ्यात उभं राहायचं, चाळीत येऊन नळावर नंबर लावायचा, खाणावळीत जेवायचं, आणि मग पाटी हातात घ्यायची? कोण घेणार होतं?

म्हणून माझ्या लेखी गिरणगावातल्या प्रौढ शिक्षणाचे खरे शिल्पकार नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी शाळा किती काढल्या याच्याशी मला कर्तव्य नाही. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या वतीने मागण्या मांडल्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार आले आणि त्या जूनपासून रविवारची सुट्टी सुरू झाली. हाच माणूस 'दीनबंधू' हे वृत्तपत्र चालवत होता. वाचायला वेळ आणि वाचायला मजकूर, दोन्ही एकाच चळवळीतून आलं. पुढे १९२० च्या सार्वत्रिक संपानंतर गिरण्यांचा दिवस दहा तासांवर आला. आठवड्याला साठ तासांचा कायदा झाला १९२२ मध्ये, म्हणजे संप आधी आणि कायदा मागून.

दुसरी गोष्ट, शिकवलं काय? देणगीतून चाललेल्या उपक्रमांचा भर बघा. अक्षरओळख, हिशोब, आरोग्यावर मॅजिक लँटर्नची (दिव्याने पडद्यावर चित्रं दाखवत दिलेली) व्याख्यानं, दारूचे दुष्परिणाम, काटकसर. वाईट यातलं काहीच नाही. पण पगारातून दंड कापला तो कशाबद्दल, कापड खराब निघालं म्हणून ते विणकराच्याच गळ्यात का मारलं, हे विचारायला शिकवलं ते १९२८ च्या संपाने. सहा महिने संप चालला. नागू सयाजीच्या वाडीत सभांमागून सभा झाल्या, गिरणीगणिक कमिट्या झाल्या. गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या त्या वर्षअखेर पन्नास हजारांच्या वर गेली. कामगारांची सर्वांत मोठी शाळा मी तिला म्हणतो. तिला ना इमारत होती, ना देणगीदाराच्या नावाची पाटी.

रात्रीचे मास्तर

अजिबात सहमत नाही. तुम्ही दोन बाजू आखल्यात, इकडे दानशूर आणि तिकडे लढाऊ. प्रत्यक्षात दोन्हीकडे माणसं तीच होती.

ना. म. जोशींचंच घ्या. १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली ती त्यांनी. रात्रशाळा, वाचनालयं, पेट्यांत पुस्तकं भरून वस्त्यावस्त्यांत फिरणारी ग्रंथालयं हा सगळा तुमच्या भाषेत 'देणगीतला' उद्योग त्यांचा. १९२० मध्ये आयटक या देशभरच्या कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढे तेच, १९२६ मध्ये गिरणी कामगारांची टेक्स्टाइल लेबर युनियन काढणारे तेच, आणि १९२८ च्या ज्या संपाला तुम्ही शाळा म्हणता त्याच्या संयुक्त समितीत कम्युनिस्ट पुढारी डांग्यांच्या बरोबरीने बसलेलेही तेच. मतभेद होते, कडाक्याचे होते. पण वस्तीतल्या रात्रशाळांतून कामगाराचं जगणं जवळून पाहिलेला माणूस युनियनकडे वळला, हे तुमच्या मांडणीत कुठे बसतं?

त्याही मागे जा. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. तेव्हा ना युनियन होती, ना कामाच्या तासांचा कायदा. मुंबईत प्रार्थना समाजाच्या रात्रशाळा १८७० च्या दशकातल्या. दिवसभर राबून माणसं तिथे येत होती. वेळ मिळेपर्यंत कुणी थांबलं नव्हतं.

मी स्वतः रात्रशाळेत गणित शिकवतो. आमची शाळा संध्याकाळी साडेसहाला भरते, दिवसाच्या शाळेच्या इमारतीत. बाक तिसरी-चौथीच्या मुलांच्या मापाचे. तिशीतला माणूस त्यात बसला की गुडघे वरच्या फळीला लागतात, म्हणून तो तिरका बसतो, एक पाय वाटेत काढून. निम्म्या फळ्यावर दिवसाच्या बाईंनी 'पुसू नये' लिहून ठेवलेलं असतं. उरलेल्या निम्म्यात मी वर्तुळाची जीवा आणि स्पर्शिका बसवतो. वर्गात हॉटेलातली मुलं, कुरिअरवाले, एक-दोन घरकाम करणाऱ्या बायका. मागे एक वॉचमन होता. त्याला सोसायटीच्या रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर आणि येणाऱ्याचं नाव इंग्रजीत लिहिता यायला हवं होतं, नाहीतर नोकरी जाणार होती. त्याला मी आधी कामाच्या तासांचा लढा सांगू की आधी ए बी सी डी? ए बी सी डी शिकवली म्हणून मी त्याला मालकाच्या दावणीला बांधला असं होत नाही. आणि युनियनचं पत्रक वाचायलाही अक्षर लागतंच.

लालबागची लेक

दोघेही 'कामगार' म्हणताय आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर पुरुष आहे. भोंगा यांच्या खाणावळीत जेवणं कोण रांधत होतं?

माझी आजी सूत गुंडाळायच्या रिळिंग खात्यात होती. आजोबा त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. आजोबा रात्रशाळेत जाऊन चौथीपर्यंत शिकले, आम्हाला पेपर वाचून दाखवायचे. आजीने शेवटपर्यंत अंगठा उठवला. हे आमच्याच घरी घडलं असं नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या, बहुतेक वाइंडिंग आणि रिळिंगमध्ये. रात्रशाळेच्या जुन्या फोटोंत शोधा त्यांना.

भोंगा, तुमचा सगळा भर तासांवर आहे ना? मग हे बघा. १८९१ च्या कायद्याने बायकांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. पुरुषांना मर्यादा मिळाली त्याच्या वीस वर्षं आधी. कायद्याने बायकांना वेळ आधी दिला, तरी शाळेत पुरुष आधी गेले. कारण गिरणी सुटली की घरचं काम सुरू. पाणी, चूल, मुलं, आणि वर पाच-सहा खाणावळ्यांचे डबे. गावाकडून एकटे आलेले बाप्ये रात्रशाळेला जाऊ शकले, कारण त्यांची भाकरी कुणीतरी दुसरी बाई थापत होती. त्या बाईची शाळा कुठल्याच युनियनने मागितली नाही.

मिळालं ते काय, तर शिवणवर्ग. लीगपासून पुढच्या कामगार कल्याण केंद्रांपर्यंत बाईच्या वाट्याला शिवणयंत्र ठरलेलं. पुरुषाला वाचनालय, कॅरम, नाट्यस्पर्धा.

भोंगा

ताई, खाणावळीचा मुद्दा मोलाचा आहे. पण त्याने माझं म्हणणं पक्कंच होतं. शिक्षण वेळेवर अवलंबून आहे आणि वेळ भांडून घ्यावा लागतो. गिरणीत मालकाशी भांडावा लागला, घरात घरच्यांशी.

मास्तर, जोशींचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. त्यांना शाळा पुरेशी वाटली असती तर ते युनियन काढायला गेले नसते.

लालबागची लेक

नाही, ते तुमच्या मुद्द्यात बसवू नका. गिरणीतल्या भांडणाला संप होता, सभा होती, हजारो माणसं बरोबर होती. आजीच्या भांडणाला यातलं काय होतं? मालकाविरुद्ध एकजूट करणारा कामगार घरी आल्यावर ताट मागत होता. तो लढा झालाच नाही. झाला असता तर तुमचा सिद्धांत मी मान्य केला असता.

आणि शिवणवर्गाबद्दल माझं मी पुढे लिहिते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं घरी बसली, तेव्हा आमच्या मजल्यावरची कितीतरी घरं परकर-ब्लाउज शिवून आणि डबे देऊन तगली. त्या शिवणयंत्राला मी नावं ठेवणार नाही. पण ते यंत्र चालवणाऱ्या बाईला कापडाचा हिशोब, दुकानदाराची पावती वाचता आली असती तर तिला मिळाले त्यापेक्षा जास्त पैसे मिळाले असते. कला शिकवली आणि अक्षर ठेवून घेतलं, हा माझा आक्षेप आहे.

निळी पाटी

इथे अजून एक खातं राहिलंय. विणकाम.

विणकाम खात्यात पगार जास्त. पण धोट्यात (मागावर आडवा धागा नेतो त्यात) धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागायचा, म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात येऊ देत नव्हते. १९२८ च्या संपाच्या मागण्यांमध्ये ही बंदी उठवण्याची मागणी घाला, हा आग्रह बाबासाहेबांना धरावा लागला. भोंगा ज्याला कामगारांची सर्वांत मोठी शाळा म्हणतात तिच्यात हा धडा सुरुवातीला नव्हता. त्या सभांना दलित कामगार बसत होता, घोषणा देत होता आणि संप मिटल्यावर पुन्हा कमी पगाराच्या, सूतकताईच्या रिंग खात्यात जात होता. विणकाम खात्याचं दार शिकून उघडत नव्हतं आणि संप करूनही उघडत नव्हतं.

मास्तरांनाही एक सांगायचं आहे. परळचा दामोदर हॉल लीगशी जोडलेला, शेठजींच्या देणगीचा, हे सगळ्यांना माहीत आहे. ९ मार्च १९२४ ला त्याच हॉलमध्ये बाबासाहेबांनी बैठक घेतली. त्यातून जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहं, वाचनालयं, अभ्यासमंडळं होती. म्हणजे इमारत दुसऱ्यांची, पण आत बसून काय ठरवायचं ते आमचं. तुमची 'दिलं की मिळवलं' ही विभागणी मला इथे अपुरी वाटते. माझा प्रश्न एवढाच, ठरवणारा कोण होता?

याचं सर्वांत चांगलं उत्तर मला १९४६ च्या सिद्धार्थ कॉलेजात दिसतं. तिथे वर्ग सकाळी भरवले, म्हणजे पोरगा तास करून दिवसा नोकरीला जाईल. कचेरीतले शिपाई, कारकून, गोदीतल्या आणि गिरणीतल्या माणसांची पोरं बी.ए. झाली ती त्या वेळापत्रकामुळे. विद्यार्थ्याने कॉलेजच्या वेळेत बसायचं ही रीत त्यांनी उलटी केली, कारण वेळापत्रक लिहिणाऱ्याला चाळीतलं घर माहीत होतं. परळच्या बी.आय.टी. चाळीत त्यांनी वर्षानुवर्षं काढली होती.

टेम्सकाठ

'ठरवणारा कोण' यावरून इंग्लंडमध्ये मोठी भांडणं झाली होती, ती इथे सांगण्यासारखी आहेत.

१८२३ मध्ये लंडनला कारागिरांसाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन निघाली. तेव्हाच वाद झाला की पैसा कारागिरांच्या वर्गणीतून उभा करायचा की श्रीमंतांकडून घ्यायचा. श्रीमंतांकडून घेतला. मग अशा संस्थांमध्ये विज्ञान आणि तंत्र शिकवायचं, राजकारण नको, ही रीत पडत गेली. १८९९ मध्ये ऑक्सफर्डला कामगारांसाठी रस्किन कॉलेज झालं. खाणकामगार, रेल्वेकामगार तिथे यायचे, कित्येकांचा खर्च त्यांची युनियन द्यायची. १९०९ मध्ये या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. कॉलेज विद्यापीठाच्या पंखाखाली जाऊ नये आणि प्राचार्य डेनिस हर्ड यांना काढू नये, ही त्यांची भूमिका. त्यातून फुटून त्यांनी सेंट्रल लेबर कॉलेज काढलं, आणि ते युनियनच्या पैशावर चाललं. वेल्सचा खाणकामगार अन्युरिन बेव्हन तिथे शिकला. पुढे आरोग्यमंत्री म्हणून ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा त्याने उभी केली.

इथवर भोंगा खूश होतील. पण दुसरी बाजूही आहे. १९०३ मध्ये आल्बर्ट मॅन्सब्रिजने वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन काढली. १९०८ मध्ये रॉचडेल आणि लाँगटनला विद्यापीठाच्या पातळीचे वर्ग सुरू झाले. शिकवायला आर. एच. टॉनी. आठवड्याला एक वर्ग, दर पंधरवड्याला निबंध, आणि अभ्यासाचा विषय विद्यार्थी ठरवणार. लढाऊ मंडळींनी यांना मालकधार्जिणे म्हणून झोडपलं. पण सेंट्रल लेबर कॉलेज युनियनांचा पैसा आटल्यावर १९२९ मध्ये बंद पडलं आणि असोसिएशन आजही वर्ग घेते आहे. शुद्ध लढाऊ संस्था संपाच्या यशापयशाबरोबर वर-खाली होते, हे मला त्यातून दिसतं. आपल्याकडे १९८२ नंतर युनियनच्या शाळेचं काय झालं?

भोंगा

युनियनची शाळा संपली, कारण गिरणीच संपली. त्यात शाळेचा दोष काय? आणि टिकणं हीच कसोटी लावली तर सरकारी साक्षरता वर्ग सगळ्यात यशस्वी म्हणावे लागतील. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ असताना मुंबईत प्रौढ शिक्षणाची समिती झाली, १९७८ ला २ ऑक्टोबरचा मुहूर्त धरून राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ ला साक्षरता मिशन. प्रत्येक वेळी माणसाला सही करता आली की तो साक्षर म्हणून मोजला आणि पुढे सोडून दिला.

रात्रीचे मास्तर

सरकारी वर्गांना एका दमात निकालात काढू नका. मुंबईच्या त्या समितीचे वर्ग मराठीबरोबर गुजराती, उर्दू, तेलुगूतही चालले. मदनपुऱ्यातला उत्तरेकडून आलेला विणकर आणि तेलंगणातून आलेला पद्मशाली समाजातला विणकर यांना आपल्या भाषेत पाटी मिळाली. 'गिरणगाव म्हणजे कोकण आणि घाट' असं आपण समजून चालतो, त्या समितीने तसं समजलं नाही. १९५९ मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली तेव्हा अख्खं गाव शिकल्यावर ग्रामगौरव समारंभ व्हायचा, गाव शपथ घ्यायचं. पुढे किती जणांचं अक्षर टिकलं हा प्रश्न रास्त आहे, पण तो प्रश्न पुस्तकं पुरवली का याचा आहे. शिकवूच नये असा त्याचा अर्थ निघत नाही.

जुनी फाइल

यावर माझ्या नोकरीतलं थोडं. १९५८ मध्ये केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झालं, मुख्यालय आपल्या नागपूरला. पद्धत अशी की शिक्षणाधिकाऱ्यांनी कारखान्यातून निवडून आलेल्या कामगारांना शिकवायचं, त्यांनी 'कामगार शिक्षक' म्हणून परत जाऊन आपल्या खात्यातल्या लोकांचे वर्ग घ्यायचे. विषय कामगार कायदे, युनियन कशी चालवायची, भविष्यनिर्वाह निधी, वाटाघाटी. म्हणजे भोंगा म्हणतात तो अभ्यासक्रम सरकारी पैशावर चालला होता आणि मी तो चालताना पाहिला आहे. कामगार शिक्षक म्हणून आलेला फिटर पहिल्यांदा खडू हातात घेताना घामाघूम व्हायचा, आणि ग्रॅच्युइटीचं गणित फळ्यावर सुटलं की मागच्या बाकावरून लोक आपापले आकडे ओरडून सांगायचे, 'माझे किती होतात ते काढा.'

अडचण दुसरीच होती. वर्गाला माणूस सोडायचा तर कारखान्याची संमती लागायची, आणि युनियन एकाहून जास्त असल्या की कुणाचा माणूस पाठवायचा यावर अडायचं. कंत्राटी कामगार तर मोजणीतच नव्हता. आज कारखान्यांत मोठा हिस्सा त्याचाच आहे.

तिसरी पाळी

मी कंत्राटी आहे. गोदामात पॅकिंगला. दहावी रात्रशाळेतून झालो, आता मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतोय. वरचं सगळं वाचलं, बरंच नवीन कळलं.

माझा अनुभव सांगतो. आमच्या वर्गात नापास होणारे कमी आणि परीक्षेला न बसलेले जास्त. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा दिवसा असते. रात्रशाळेत वर्षभर रात्री शिकायचं आणि पेपर सकाळी अकराला. कंत्राटदार म्हणाला, जा, पण परत येऊ नको. काही जण गेले आणि काम सुटलं. काहींनी वर्ष सोडलं आणि नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसले. प्रयोगशाळा दिवसाच्या शाळेची, तिला कुलूप, म्हणून विज्ञानाचे प्रयोग आम्ही पुस्तकातल्या चित्रात पाहिले.

मास्तरसाहेब, २०१७ मध्ये दिवसा दुसरीकडे नोकरी असलेल्या शिक्षकांना रात्रशाळेतून काढायचा निर्णय झाला होता ना, त्याबद्दल तुमचं मत काय? आम्हाला शिकवणारे चांगले सर त्यात गेले.

रात्रीचे मास्तर

एका माणसाने दोन पगार घेऊ नयेत आणि रात्रशाळेला तिचे स्वतःचे पूर्ण वेळ शिक्षक असावेत, ही मागणी रास्त होती आणि मी तिच्या बाजूने होतो. पण आधी नवीन शिक्षक नेमून मग जुने काढायला हवे होते. उलटं झालं आणि मध्ये विद्यार्थी अडकले.

परीक्षेच्या वेळेबद्दल मात्र मी भोंगा यांच्या बाजूला येतो. तिथे माझ्या शिकवण्याचा काही उपयोग नाही.

भोंगा

तिसरी पाळी, तुमच्या वस्तीत कंत्राटी कामगारांची युनियन आहे का? परीक्षेच्या दिवसांची पगारी रजा ही मागणी कुणीतरी मागणीपत्रात घातली पाहिजे. बँकांत, सरकारी कचेऱ्यांत अभ्यासाला रजा घेता येते. गोदामात का नको?

लालबागची लेक

घाला जरूर. त्याच मागणीपत्रात घरकामगार बायकांचंही घाला. त्यांना मालक एक नाही, चार-पाच घरं असतात, त्यामुळे रजा कुणाकडे मागायची हेच ठरलेलं नाही. आणि वर्गाच्या वेळेत मुलं सांभाळायची सोय त्याच शाळेत व्हावी. खालच्या मजल्यावर बालवाडीची खोली संध्याकाळी रिकामीच असते.

निळी पाटी

आणि मागणीपत्राचा मसुदा करायला तिसरी पाळी आणि त्यांच्या वर्गातल्या बायका बसू देत. आपण टायपिंग करून देऊ.

तिसरी पाळी

युनियन नाही. रविवारी संध्याकाळी आम्ही सातआठ जण भेटतो, अभ्यासाला. त्यांना विचारून सांगतो. फाइलसाहेब, कंत्राटी माणसाला भविष्यनिर्वाह निधीचा नंबर कसा शोधायचा ते तेवढं लिहा, त्या दिवशी तेही घेतो.